कानडी कुठल्या रकान्यात लिहायची?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या गल्ल्यांत दिवेलागणीला यंत्रमागांचा खडखडाट चालूच असतो. त्या आवाजात, पत्र्याच्या एका खोलीत, तिशीतला एक मुलगा ग्रीक क्रियापदं पाठ करत बसतो. सुताची खोकी येतात ना, त्यांचा पुठ्ठा कापून त्यानं पत्त्याएवढे तुकडे केले आहेत. एका बाजूला ग्रीक शब्द, मागं मराठी अर्थ. जर्मनचा गठ्ठा वेगळा, रबर लावून ठेवलेला. तिसरा गठ्ठा कानडीचा, आणि या लेखाचं कारण तोच आहे.

हा माझा जुना विद्यार्थी. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशन सोलापुरात आलं, तेव्हापासून घर ख्रिस्ती. तो ईश्वरविज्ञानात, म्हणजे थिऑलॉजीत, डॉक्टरेट करतो आहे. त्याची संस्था सोलापूरची नाही आणि तिचं नाव मी घेणार नाही. प्रबंधाचा विषय एका ओळीत सांगायचा तर ‘कृपा’. मराठी ख्रिस्ती उपदेशातली कृपा आणि बाराव्या शतकातले आपले संत सिद्धरामेश्वर यांच्या कानडी वचनांतला, म्हणजे छोट्या गद्यकाव्यांतला, प्रसाद, या दोन कल्पना कुठं जवळ येतात आणि कुठं फाटतात, हे त्याला तपासायचं आहे. सोलापूरच्या मुलानं घ्यावा असाच हा विषय आहे.

प्रबंधाला हात घालण्याआधी भाषांची अट पुरी करावी लागते. ग्रीक हवीच. शिवाय संशोधनाची एक आधुनिक भाषा हवी, जर्मन किंवा फ्रेंच. त्यानं रीतसर अर्ज केला की माझे मूळ ग्रंथ कानडीत आहेत, तेव्हा जर्मनच्या जागी कानडी धरावी आणि तिची तितकीच कडक परीक्षा घ्यावी. संस्थेच्या समितीचं उत्तर दोन ओळींचं आलं. कानडी ही उमेदवाराच्या परिसरातलीच भाषा असल्यामुळे संशोधनाची भाषा म्हणून ती ग्राह्य धरता येत नाही.

तो कागद मी दोन-तीनदा वाचला. राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. या निर्णयाबद्दल मला जे म्हणायचं आहे ते आधीच सांगते. भाषेची अट असलीच पाहिजे, आज आहे त्याहून कडक असली पाहिजे. पण कुठली भाषा, हे अभ्यासविषयानं ठरवावं. युरोपातल्या जुन्या यादीनं ते ठरवू नये, आणि ‘तुमच्याच गावची भाषा आहे’ म्हणून ती खाली ढकलू नये.

अट कशासाठी असते, हे आधी पाहू. आपल्याकडे पीएच.डी. करणाऱ्या पुष्कळांना ही भानगडच ठाऊक नाही. पाश्चात्त्य विद्यापीठांत बायबलवर किंवा ख्रिस्ती सिद्धांतावर प्रबंध लिहायचा तर हिब्रू-ग्रीक लागते, कारण मूळ ग्रंथ त्या भाषांत आहेत. जर्मन-फ्रेंच लागते, कारण गेल्या दोन-अडीचशे वर्षांतला वादविवाद त्या भाषांत झाला. परीक्षा बहुतेक ठिकाणी साधीच असते. दीड-दोन तास, एखाद-दोन पानांचा उतारा, जवळ शब्दकोश ठेवायला परवानगी, आणि आपल्या भाषेत नीट अनुवाद करून द्यायचा. बोलता आलं पाहिजे असं कुणी म्हणत नाही. वाचता आलं पाहिजे, एवढंच.

आणि वाचता आल्यानं काय फरक पडतो? १८९२ साली मार्टिन केलर या जर्मन पंडितानं एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यातला सगळा मुद्दा ‘हिस्टोरी’ आणि ‘गेशिष्टं’ या दोन शब्दांतल्या फरकावर उभा आहे. पहिला शब्द म्हणजे पुराव्यानं तपासता येणारी घटना. दुसरा म्हणजे घडून गेलेलं, आणि पुढच्यांच्या आयुष्यात काम करत राहिलेलं. मराठीत दोन्हींना आपण ‘इतिहास’च म्हणणार. अनुवादावर विसंबलेला विद्यार्थी त्या वाक्यातून सहज पुढं निघून जाईल आणि वाद कशाबद्दल होता हे त्याच्या गावीही नसेल. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातला, सातव्या अध्यायातला ‘अल्मा’ हा हिब्रू शब्दही असाच. त्याचा अर्थ तरुण स्त्री. ग्रीक भाषांतरात तिथं ‘पार्थेनॉस’, म्हणजे कुमारी, हा शब्द आला आणि येशूचं चरित्र सांगणाऱ्या मत्तयानं तोच उचलला. त्यावर दोन हजार वर्षं वाद चालू आहे. भाषा न शिकता त्या वादात उतरणाऱ्याला दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी प्यावं लागतं.

आपल्या मातीतलं उदाहरण हवं तर पंडिता रमाबाईंचं घ्या. ज्या बाईच्या संस्कृतानं कलकत्त्याचे पंडित चकित झाले होते, तिनं बायबल सामान्य बाईला कळेल अशा मराठीत आणायचं मनावर घेतलं. आणि त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतली. इंग्रजीवरून भाषांतर करणं त्यांना सहज जमलं असतं. इंग्रजी त्यांना उत्तम येत होती. त्यांनी तो मार्ग घेतला नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या, तोवर काम हातावेगळं होत आलं होतं. १९२४ मध्ये ते बायबल केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडलं. तिथल्या बायका-मुलींनी खिळे जुळवून ते छापलं. कुठल्या समितीनं रमाबाईंना भाषेची अट घातली नव्हती. ती त्यांनी स्वतःच स्वतःला घातली होती.

आता त्या मुलाच्या विषयाकडे येते, कारण खरी गंमत इथं आहे.

‘प्रसाद’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर द्रोणातला शिरा येतो. सिद्धरामेश्वरांच्या वीरशैव परंपरेत प्रसाद हे अष्टावरणांपैकी, म्हणजे भक्ताला जपणाऱ्या आठ आवरणांपैकी, एक आहे: गुरू, लिंग, जंगम, पादोदक, प्रसाद, विभूती, रुद्राक्ष, मंत्र. शिवाय षट्स्थलांत, म्हणजे साधकाच्या सहा पायऱ्यांत, तिसऱ्या पायरीचं नाव ‘प्रसादी’. जे जे वाट्याला येतं ते शिवाला अर्पण होऊन परत आलेलं आहे, अशा जाणिवेनं स्वीकारतो तो प्रसादी. ही एक पूर्ण वृत्ती आहे, जगण्याची रीत आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला ‘प्रसाद’ आणखी निराळा, तिथं चित्ताची प्रसन्नता अभिप्रेत आहे. आणि शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरीच्या शेवटी जे ‘पसायदान’ मागितलं, त्यातला ‘पसाय’ म्हणजे हाच प्रसाद, प्राकृताच्या वाटेनं मराठीत आलेला. शाळेत आपण सगळेच ते म्हणतो. त्यात प्रसाद शब्द दडला आहे, हे वर्गात सांगितलं की दरवर्षी मुलं क्षणभर गप्प व्हायची.

दुसऱ्या टोकाला ग्रीक ‘खारिस’. नव्या करारात त्याचा अर्थ कृपा, पण तोच शब्द उपकार मानण्यासाठीही येतो. देणाऱ्याची कृपा आणि घेणाऱ्याची कृतज्ञता एकाच शब्दात. मराठी बायबलात ‘कृपा’ म्हटलं की त्यातली कृतज्ञतेची बाजू गळून पडते. मग सिद्धरामेश्वरांचा प्रसादी आणि नव्या करारातल्या पौलाचा खारिस यांची तुलना करायची, तर ‘कृपा विरुद्ध प्रसाद’ असे दोन मराठी शब्द समोरासमोर मांडून भागणार आहे का? कानडी वाचल्याशिवाय या प्रबंधाला पायाच नाही. जर्मन आली नाही तर एक खिडकी बंद राहील. कानडी आली नाही तर घराला दारच नसेल.

समितीच्या उत्तरात एक शहाणपणाचा कणही आहे, आणि तो मी नाकारत नाही. या मुलाला कानडी येते का? घरात मराठी, गल्लीत तेलुगू, बाजारात कानडी, असं आपल्यापैकी पुष्कळांसारखं त्याचंही आहे. पण पहिल्यांदा वचनांचं पुस्तक त्याच्यासमोर ठेवलं तेव्हा तो बराच वेळ पानाकडे बघत राहिला आणि म्हणाला, “बोलाय येतंय मॅडम, वाचाय येत नाही.”

पूर्व भागातल्या किती घरांत तेलुगू बोलतात आणि तेलुगू अक्षर ओळखता येत नाही, ते मोजा. किती लिंगायत घरांत वचनं देवनागरीतून म्हणतात, तेही बघा. चार भाषा कानावर पडतात म्हणून आपण सोलापूरकर स्वतःला बहुभाषिक म्हणवतो. कानानं आलेली भाषा भाजी घ्यायला पुरते, बाराव्या शतकातला ग्रंथ उघडायला पुरत नाही. जुन्या कानडीतल्या शब्दारंभीच्या ‘प’चा पुढं ‘ह’ झाला. आज आपण ‘हालु’ म्हणतो ते दूध तेव्हा ‘पाल्’ होतं, आजचं ‘हेसरु’, म्हणजे नाव, तेव्हा ‘पेसर’. हे ठाऊक नसेल तर शब्दकोशात कुठं बघायचं हेही कळत नाही. त्या पहिल्या संध्याकाळी त्याला एकच शब्द लागला, ‘कपिलसिद्धमल्लिकार्जुना’, वचनाच्या शेवटी येणारी सिद्धरामांची मुद्रा. त्या शब्दावर बोट ठेवून तो हसला. बाकीचं पान त्याच्यासाठी बंदच होतं.

म्हणून माझं म्हणणं असं की त्याची कानडीची परीक्षा जर्मनपेक्षा सोपी घेऊ नका, अवघड घ्या. उतारा जुन्या कानडीतला द्या. पण परीक्षा घ्या. ‘तुमच्या परिसरातली भाषा’ असं म्हणून परीक्षाच नाकारणं म्हणजे ती भाषा शिकण्यासारखी नाहीच, असं सांगणं आहे.

यातला विरोधाभास मला सगळ्यात जास्त टोचतो. ज्या शब्दकोशावर हा मुलगा रात्री मान मोडतो, तो कानडी-इंग्रजी कोश १८९४ मध्ये फर्डिनंड किट्टेल यांनी सिद्ध केला. किट्टेल जर्मन, बासेल मिशनचे मिशनरी, म्हणजे ख्रिस्ती धर्मज्ञानाचेच अभ्यासक. केशिराजाचं जुनं कानडी व्याकरणही त्यांनी संपादून छापलं. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी एका जर्मन धर्मपंडिताला कानडी ही आयुष्य घालावं अशी अभ्यासाची भाषा वाटली, आणि आज या समितीला ती तशी वाटत नाही!

जर्मनशी माझं काही वाकडं नाही. उलट सोलापूरच्या संशोधकाला जर्मन लागते याचा पुरावा आपल्या माळरानावर आहे. गुंथर सोनथायमर यांनी धनगरांमध्ये राहून, त्यांच्या ओव्या ऐकून, बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावर ग्रंथ लिहिला, तो १९७६ मध्ये जर्मनमध्ये आला. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९८९ मध्ये निघाला. मधली तेरा वर्षं आपल्याच देवांबद्दलचं महत्त्वाचं लेखन आपल्याला बंद होतं. आपल्या विद्यापीठाला २०१९ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. तिथं बिरोबावर काम करणाऱ्या मुलीनं जर्मन शिकावी, असं मला मनापासून वाटतं. सिद्धरामांवर काम करणाऱ्यानं आधी कानडी शिकावी, मग जमेल तशी जर्मन. विषयाला काय लागतं, हाच प्रश्न.

हे सगळं त्या दूरच्या संस्थेला ऐकवताना आपल्या अंगणात बघायला नको का? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीत किमान १२ श्रेयांकांचं कोर्सवर्क सांगितलं आहे. संशोधन आणि प्रकाशनातली नीतिमत्ता हा विषय त्यात आहे. मूळ साधनांची भाषा वाचता आली पाहिजे, असा शब्द नाही. मज्जावही नाही, एखाद्या विद्यापीठानं ठरवलं तर तशी अट घालता येईल. पण घालतो कोण? मी अध्यापनात असताना लिंगायत संतांवरचा एक प्रबंध माझ्याकडे वाचायला आला होता. जाडजूड, सोनेरी अक्षरांचा. संदर्भसूचीत एकही कानडी पुस्तक नव्हतं. वचनांचे हिंदी अनुवाद, त्यावरून केलेले मराठी अनुवाद, आणि त्यावरून काढलेले निष्कर्ष. मी शेरा लिहिला, तोंडीतही विचारलं. सगळे अवघडले, चहा आला, पदवी मिळाली. प्रबंध लिहिणाऱ्या मुलीचा दोष मी धरत नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की हे लागतं.

आणि ज्या गावात हे घडतं ते गाव कुठलं? जिल्ह्यात पंढरपूर आहे. ज्ञानदेवांनी विठ्ठलाला ‘कानडा’ म्हटलं. त्याचा अर्थ अगम्य की कर्नाटकातला, यावर अजून खल चालतो. रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलाचा शोध घेताना कर्नाटकातली आणि आंध्रातली साधनं धुंडाळली, म्हणून १९८४ चा त्यांचा ग्रंथ बाजूला सारून आज कुणाला पुढं जाता येत नाही. मंगळवेढ्यात बिज्जल राजाच्या पदरी बसवेश्वर होते आणि त्याच गावात चोखोबांची आठवण आहे. दक्षिण सोलापुरात हत्तरसंग-कुडलला भीमा-सीनेच्या संगमावर शके ९४० चा शिलालेख आहे, मराठीतल्या सर्वांत जुन्या, काळ नोंदवलेल्या लेखांपैकी एक. तो आपल्या आनंद कुंभार यांनी उजेडात आणला. त्यात कोरलं आहे, ‘वाछि तो विजेया होइवा’, म्हणजे जो वाचील तो विजयी होईल. कानडी मुलखाच्या काठावरच्या देवळात मराठी ओळ कोरणाऱ्याला वाचणाऱ्याचं मोल कळत होतं.

फलटण गल्लीतल्या जैन संस्कृती संरक्षक संघाचं नाव आता किती सोलापूरकरांना माहीत असेल? ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या नावानं तिथून ग्रंथमाला निघाली. १९४३ मध्ये ‘तिलोयपण्णत्ती’ या प्राकृत ग्रंथाचा पहिला भाग तिनं काढला. संपादक हिरालाल जैन आणि आ. ने. उपाध्ये. उपाध्ये सदलग्याचे, बेळगाव जिल्ह्यातले. कानडी मुलखात जन्मले, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवली, संस्कृत-प्राकृतात काम केलं, इंग्रजीत प्रस्तावना लिहिल्या. त्या प्रस्तावना आजही जगभरचे जैन विद्येचे अभ्यासक उघडतात. हे काम या गावाच्या पैशानं झालं. गिरण्यांच्या भोंग्यावर जगणारं गाव प्राकृत ग्रंथ छापत होतं.

आता लोक दोन गोष्टी विचारतात. फोनमध्ये भाषांतर होतं, मग शिकायचं कशाला? तेही आम्ही करून पाहिलं. वचनाच्या पानाचा फोटो काढून फोनला दिला. त्यानं ‘प्रसादी’चं केलं नैवेद्य खाणारा. मुलगा तोवर चार महिने शिकला होता, म्हणून त्याला चूक दिसली. न शिकलेल्यानं ती प्रबंधात उतरवली असती. यंत्राची मदत जरूर घ्यावी, पण त्याची चूक पकडण्याइतकी भाषा आपल्याला यायला हवी.

दुसरा प्रश्न मात्र मला अस्वस्थ करतो. हा मुलगा सकाळी शिकवण्या घेतो, दुपारी चर्चचं काम बघतो. वर ग्रीक, जर्मन, कानडी. परदेशातल्या विद्यार्थ्याला सुट्टीतले वाचनवर्ग मिळतात, शिष्यवृत्ती मिळते, पगारी शिक्षक मिळतो. इथं अट तेवढी आयात होते, सोय होत नाही. सोय न करता घातलेली अट ज्यांच्या घरी आधीच पुस्तकं आहेत त्यांच्यासाठीच दार उघडं ठेवते. म्हणून भाषेच्या अटीबरोबर एक वर्षाची मुदत आणि शिक्षकाचा खर्च संस्थेनं द्यायला हवा. ते शक्य नसेल तर अट दोन भाषांवरून एकीवर आणावी, आणि ती एक भाषा मूळ साधनांची असावी.

शिक्षक कुठून आणायचे, असं म्हणू नका. सोलापुरात नि अक्कलकोट भागात कानडी शाळांमधून निवृत्त झालेले शिक्षक आहेत. तेलुगू शिकवलेले आहेत, उर्दू जाणणारे आहेत, जैन पाठशाळांत प्राकृत शिकवणारे आहेत, मोडी वाचणारे आहेत. यांना आठवड्यातून दोन संध्याकाळी विद्यापीठाच्या एका खोलीत बसवा, मानधन द्या, वर्षअखेरीला शब्दकोश हाताशी ठेवून उताऱ्याची परीक्षा घ्या, आणि ते श्रेयांक कोर्सवर्कमध्ये धरा. कुठल्याही धर्मपरंपरेवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याच्या नोंदणी अर्जात एक रकाना असू द्या: मूळ साधनांची भाषा कोणती, आणि ती वाचता येते का? मार्गदर्शकानं त्याखाली सही करावी. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळांवर बसलेल्यांपैकी काही माझे विद्यार्थी आहेत. हा मजकूर त्यांनी वाचावा म्हणूनच मी लिहिते आहे.

त्या मुलाला अक्कलकोट रस्त्यावरचे एक निवृत्त कानडी शिक्षक भेटले आहेत. वय ऐंशीच्या पुढं, फी घेत नाहीत. बुधवारी आणि रविवारी तो त्यांच्याकडे जातो. गेल्या रविवारी मीही गेले होते. गुरुजी वचन मोठ्यानं वाचतात, मुलगा पुन्हा वाचतो, मग दोघं शब्द फोडतात, अडलं की किट्टेल उघडतात. दीड तासात सात ओळी झाल्या. जर्मनची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे आणि तो ती देणार आहे. कानडीसाठी त्यानं पुन्हा अर्ज केला आहे. या वेळी सोबत सिद्धरामांच्या दहा वचनांचा स्वतः केलेला अनुवाद आणि त्यावरच्या टिपा जोडल्या आहेत.